जिन्यातले मामा

लालबाग,
ता. ९ नोव्हेंबर १९५८

रामदास,

'चिरंजीव' लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. खाली आशीर्वादही नाहीत, तेव्हा शोधत बसू नकोस. आईच्या माघारी तुला मी वाढवलं, तेवढ्या एका अधिकारानं लिहिते आहे. तुझ्या गिरगावच्या बिऱ्हाडापासून आमची चाळ एका ट्रामच्या अंतरावर आहे, पण तुझं तोंड बघायची इच्छा नाही म्हणून पोस्टमनला त्रास.

आमच्या शाळेत लतिकाबाई म्हणून आहेत, दादरच्या. त्यांना नाटकांचा नाद. परवा मधल्या सुट्टीत डबा खाताखाता त्यांनी तुझ्या नव्या नाटकाची गोष्ट सांगितली. 'मामा जिन्यात आहेत'. काय नाव आहे. एक लंगडे मामा, चाळीचा जिना, मामा तिसऱ्या पायरीवर अडतात, भिंतीला हात टेकतात, कुणी बघत नाही ना ते बघतात आणि वरच्या मजल्यावरच्या बायकोला ओरडून सांगतात, "पोचलो गो, पोचलो." पोचलेले नसतातच. लोक म्हणे खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहतात. लतिकाबाईंनी बाकाला हात टेकून ते करून दाखवलं, सगळ्या मास्तरणी हसल्या. माझ्या तोंडात घास होता, तो मला खिडकीबाहेर टाकावा लागला.

ते मामा म्हणजे कोण हे त्या बायकांना ठाऊक नाही. मला आहे, तुला आहे. एवढ्या मुंबईत दुसरं कोण पहिल्या वळणावरूनच बायकोला 'पोचलो गो' म्हणून हाळी देतं, म्हणजे तिनं हात द्यायला खाली उतरू नये? हे आमच्या घरातलं होतं. तू आमच्याकडे जेवायला बसायचास तेव्हा ते तुझ्या कानावर पडायचं, आणि तू भात कालवत ते गोळा करत होतास हे मला आज कळतं आहे. जेवणारा माणूस ताट चोरून नेतो हे ऐकलं होतं. ताट वाढणाऱ्याचा पाय चोरणारा आमच्याच घरात निघाला.

तुझ्या भावोजींनी तुला काय नाही शिकवलं? गावाहून आलास तेव्हा तुला चारचौघांत नाव सांगता येत नव्हतं. चाळीतल्या मंडळाच्या नाटकात विनोदी पार्ट त्यांचा, आणि त्यांनी तो हळूहळू तुझ्या पदरात घातला. छप्पन सालच्या जानेवारीतल्या गोळीबारात पायाला गोळी लागली आणि त्यांचं स्टेज सुटलं, गिरणीतला साचा सुटला. आठ तास साच्यासमोर उभं राहता येत नाही अशा विणकराचं गिरणीला काय काम? मी शाळेत जाते, ते घरी स्वयंपाक करतात. महाराष्ट्रासाठी सांडलेलं रक्त म्हणून लोकांनी त्यांना सभेत हार घातले होते. त्याच पायावर तू आता तिकिटं खपवतो आहेस.

मी नाटक पाहिलेलं नाही आणि बघणारही नाही. ऐकलं तेवढ्यानंच शिसारी आली. ती नक्कल टाक. नाटक बंद कर म्हणत नाही, मामांना आंधळे कर, बहिरे कर, काय वाटेल ते कर, पण तो पाय आणि ते शब्द काढ. यांना अजून काही माहीत नाही. कळलं तर ते काही बोलणार नाहीत, आणि तेच मला सहन होणार नाही.

कालिंदी

लालबाग,
ता. ३० नोव्हेंबर १९५८

रामदास,

तुझं उत्तर मिळालं. पाकीट उघडलं तर आधी अत्तराचा वास, मग कंपनीच्या गुलाबी कागदावर कोपऱ्यात तुझा फोटो, डोळे मिचकावलेला. बहिणीला लिहिताना तरी साधा कागद घ्यायचास. आत दोन फुकट पासही घातलेस. ते मी तांदळाच्या डब्याखाली दाबून ठेवले आहेत, यांच्या हाती लागू नयेत म्हणून. फाडायला हवे होते.

तू लिहितोस की हा अपमान नसून मानवंदना आहे. हा शब्द तुला कुणी शिकवला? तुमच्या नाटककारानं म्हणे तुला सांगितलं की विलायतेत दोनशे वर्षांपूर्वी एक मोठा विनोदी नट होऊन गेला, तोही जिवंत माणसांच्या नकला करायचा, आणि राजानं त्याला स्वतःचं थिएटर दिलं. आमच्या मुख्याध्यापकांच्या कपाटात जुन्या इंग्रजी ज्ञानकोशाचे जाड खंड आहेत. मी त्यांना विनवून तो नट शोधायला लावला. त्यांनी दोन दिवस मधल्या सुट्टीत मला वाचून अर्थ सांगितला. आता तुमच्या नाटककारानं तुला काय सांगितलं नाही ते मी सांगते.

तो चांगल्या घरचा मुलगा. कॉलेजातून काढलेला, वकिली शिकायला बसवला तर बापाची इस्टेट उडवून मोकळा. मग स्टेजवर आला. गंभीर कामं जमेनात, म्हणून ओळखीच्या लोकांच्या नकला सुरू केल्या. खेळ करायला सरकारी परवाना लागायचा, तो याच्याकडे नाही. मग यानं जाहिरात दिली की अमुक वाजता मित्रांनी चहाला यावं. लोक चहाला म्हणून येत आणि खेळ बघून जात. हे वाचून मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. जमावबंदीच्या दिवसांत आपल्या मंडळानं सत्यनारायणाच्या पूजेला म्हणून माणसं बोलावून चाळीच्या अंगणात वग केला होता, त्याची आठवण झाली. तेवढ्यापुरता तो मला आपलाच वाटला.

पण पुढे ऐक. डब्लिन गावात एक छापखानेवाला होता, एका पायाचा. या नटानं त्यालाच उचलून स्टेजवर ठेवलं, तो लाकडी पाय, ते बोलणं, सगळं. गाव हसलं. छापखानेवाला कोर्टात गेला. मग चारच वर्षांनी बड्या लोकांच्या मेजवानीत पैज म्हणून हा नट मस्तवाल घोड्यावर बसला, पडला, आणि त्याचाच पाय कापावा लागला. थिएटरचा परवाना मिळाला तो त्या पायाच्या बदल्यात. राजाच्या भावानं ती मस्करी केली होती, त्याला वाईट वाटलं म्हणून. मानवंदना म्हणून नव्हे.

मुख्याध्यापकांनी एवढं सांगून खंड मिटला. त्या दिवशी घरी येताना मी मनात काय आणलं ते तुला लिहीत नाही. माझ्या हातची पेज पिऊन वाढलेल्या पोराबद्दल तसं मनात आलं, याची घाण वाटून मी नळावर जाऊन तोंड धुतलं.

इकडे चाळीतली पोरं एक पाय ताठ करून जिना चढायला लागली आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाचे दोघे नाटक बघून आले, त्यांनी बाकीच्यांना शिकवलं. काल संध्याकाळी गॅलरीत हे बांगडे साफ करत बसले होते आणि खालून चार पोरं 'पोचलो गो, पोचलो' ओरडत वर आली. हे पाण्यातला हात तसाच ठेवून ऐकत राहिले. मग मला विचारलं, हे काय नवीन? मी म्हटलं, असेल काही सिनेमातलं. पुढे त्यांनी विचारलं, रामदासच्या नाटकात त्याचं काम काय आहे. मी सांगितलं, वकिलाचं. काळा कोट घालतो. एवढं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते, आणि ते माझ्या तोंडून किती सहज निघालं. ते 'बरं' म्हणाले आणि पुन्हा बांगडे साफ करू लागले.

मी पोरांना जिन्यात गाठून दटावलं. उद्या पुन्हा ओरडतील. अजून किती दिवस मी जिन्यात उभी राहू?

कालिंदी

लालबाग,
ता. ११ जानेवारी १९५९

रामदास,

तुझ्या दुसऱ्या पत्रात एकच वाक्य खरं होतं. तू विचारलंस, "अक्का, नाटक न बघताच तुला पायरी तिसरी हे कसं कळलं?" लतिकाबाईंनी सांगितलं, असं मी लिहिलं होतं. लतिकाबाईंनी पायरी मोजली नव्हती. मी मोजली होती.

मी ऑक्टोबरातच नाटक पाहिलं, लतिकाबाईंच्या बरोबर, रविवारच्या दुपारच्या खेळाला. मंडळात सुरुवातीला पोरीचे पार्ट करणारा माझा भाऊ गिरगावच्या थिएटरात कसा दिसतो ते बघायचं होतं. यांना सांगितलं शाळेची मीटिंग आहे. तू स्टेजवर आलास, पाय ओढत पहिली पायरी चढलास आणि मी हसले. दुसरीला जास्त हसले. तिसऱ्या पायरीवर तू ते शब्द म्हणालास तेव्हा मी इतकी हसले की लतिकाबाई म्हणाल्या, "कालिंदीताई, डोळे पुसा." डोळे पुसायला पदर वर घेतला आणि तो पदर तोंडाशी असताना मला कळलं मी कशाला हसले. पदरात तोंड खुपसून मी पुढचा सगळा अंक तशीच बसले. आजूबाजूच्यांना वाटलं हसते आहे.

तुझी किळस येते असं मी दोन पत्रांतून लिहिलं. ती येतेच. पण पहिली आली ती माझी मला. रोज जो पाय मी तेलानं चोळते, त्याला मी दीड रुपया देऊन हसून आले.

आता दुसरंही लिहून टाकते, म्हणजे पोटात काही राहायला नको. गोळी लागली त्या दिवशी हे मोर्चाला गेले नव्हते. सभेत हार घातले, भाषणात नाव घेतलं, तेव्हा मी गप्प बसले आणि हेही खाली मान घालून बसले. तू सकाळपासून बाहेर होतास. रस्त्यावर दगड, धूर, आणि तुझा पत्ता नाही. हे पाळी संपवून नुकते आले होते, चहाचा कप हातात होता. मीच म्हटलं, माझ्या भावाला आधी घेऊन या, मग चहा प्या. ते कप ठेवून गेले. तू मात्र कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळीवर उभा होतास, आणि कशाला, तर घाबरलेली माणसं कशी पळतात ते बघायला. हे तू स्वतः इस्पितळात मला सांगितलंस, रडत सांगितलंस. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. भावोजींनीच तर तुला बघायला शिकवलं होतं.

म्हणून एक मागणं आहे, आणि हे शेवटचं. मंडळातली तोंडदाखवणी तू विसरला नसशील. धोंडूच्या वेळचं आठव. तो तोतरा होता, यांनी गणपतीच्या नाटकात त्याची नक्कल केली, सगळा लालबाग हसला आणि धोंडू दुसऱ्या दिवशी गिरणी सोडून गावाला गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून यांनी कायदा केला की ज्याची नक्कल करायची त्याला रविवारी सकाळी चहाला बोलवायचं आणि आधी त्याच्या तोंडासमोर करून दाखवायची. तो हसला तर स्टेजवर आणायची, नाही हसला तर तिथंच पुरायची. गिरणीतला हेड जॉबर, सगळ्या खात्याचा मुकादम, तोसुद्धा आपल्या गॅलरीत बसून स्वतःला बघून गेला आहे. तूही हा कायदा सहा वर्षं पाळलास. मोडलास तो एकदाच, आणि कुणाच्या बाबतीत?

तर ये. त्यांच्यासमोर उभा राहा, त्यांचाच पाय त्यांना करून दाखव आणि सांग की हा तुमचा आहे. ते हसले तर मी पुन्हा अक्षर लिहिणार नाही.

कालिंदी

लालबाग,
ता. २७ जानेवारी १९५९

रामदास,

तू आला नाहीस. तुझ्यावाचून जे व्हायचं ते झालं.

परवा रविवारी मंडळातले चौघे आले आणि यांना म्हणाले, चल आनंदा, तुझा चेला बघून येऊ. मी आडवी आले. म्हटलं, पाय दुखतो आहे, इतकं बसवणार नाही. हे म्हणाले, बसायलाच तर जातो आहे, उभं कुठे राहायचं आहे. धुतलेला सदरा घातला, काठी घेतली आणि गेले. गोळी लागल्यापासून त्यांनी थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं.

मी दिवसभर काय केलं ते आठवत नाही. डाळ दोनदा निवडली. संध्याकाळी जिन्यात काठी वाजली आणि मी दारामागे उभी राहिले. काठी, पाऊल, काठी, पाऊल. 'पोचलो गो' आलंच नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा ते न बोलता तीन मजले चढून आले. मला वाटलं, संपलं. आत आले, हातपाय धुतले, जेवले, भाकरी जरा जाड झाली म्हणाले आणि आडवे झाले. मी विचारायचं धाडस केलं नाही.

काल सकाळी चहा पिताना म्हणाले, "रामदासाक बोलाव. काम बरा करता, पण खोट आसा. मी दाखवतंय त्याका."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. राग नाही, दुखावलेपण नाही. मंडळाच्या तालमीला बसायचे तेव्हा जसा चेहरा व्हायचा तसा. मग मला उमगलं की त्यांनी ओळखलंच नाही. आपली चाल आपल्याला कुठे दिसते? आमच्या घरातला आरसा हातभर, त्यात जेमतेम हनुवटी मावते. ते शब्दही त्यांना रोज तोंडातून निघून जातात, लक्षात राहत नसतील. मला एवढं हायसं वाटलं की मी उठून विनाकारण गणपतीपुढे दिवा लावला, आणि लावताना स्वतःचीच चीड आली. नवऱ्याला आपला पाय ओळखता आला नाही म्हणून दिवा लावणारी बायको आहे मी.

तेव्हा आता दोन वाटा आहेत. ये आणि खरं सांग. नाही तर येऊच नकोस, आजारी आहे म्हणून कळव, मी सांभाळून घेईन. मधली वाट काढू नकोस. तुला मधली वाट फार सापडते.

कालिंदी

लालबाग,
ता. १७ फेब्रुवारी १९५९

रामदास,

तू मधलीच वाट काढलीस.

आठ तारखेला रेशमी झब्बा घालून, पेढे घेऊन आलास. चाळीतली पोरं जिन्यात तुझ्यामागे, तू त्यांच्या डोक्यावर हात ठेवत वर आलास. यांच्या पाया पडलास. त्या पायाला हात लावताना तुझा हात जरासा आखडला, ते मी पाहिलं आणि मला वाटलं, आता बोलेल. तू बोलला नाहीस. हे म्हणाले, करून दाखव, तर म्हणालास, भावोजी, तुमच्यासमोर मला नाही जमायचं. ते एक खरं बोललास. मग हेच उठले.

काठी माझ्या हातात दिली आणि जिन्याच्या तोंडाशी उभे राहून तुला शिकवू लागले. तू आधी भिंतीला हात लावतोस आणि मग पाय उचलतोस, ते खोटं आहे म्हणाले. लंगडा माणूस आधी पाय उचलतो, जमतंय का बघतो, आणि नाहीच जमलं तर हात लावतो, तोही खाजवल्यासारखा करून, कुणाला कळू नये म्हणून. दुसरं म्हणजे तू आजूबाजूला बघतोस. तो आजूबाजूला कशाला बघेल, चाळीला सगळं ठाऊकच असतं. तो वर बघतो. बायको बाहेर आली तर नाही ना, ते बघतो. ती दिसली नाही की मग ओरडतो.

हे त्यांनी सात-आठ वेळा करून दाखवलं. घाम आला होता, पाय थरथरत होता. मी काठी धरून उभी होते आणि तू, माझा भाऊ, मांडी घालून बसला होतास आणि तुझे डोळे त्यांच्या गुडघ्यावर. शरम नव्हती त्या डोळ्यांत, भूक होती. खिशातून डायरी काढून लिहून घेतलंस. ते मला बघवलं नाही, मी उठून मोरीत गेले. तुला वाटलं मी चहा टाकायला गेले.

पंधरा तारखेला यांनी मला तुझ्या खेळाला नेलं. पास तांदळाच्या डब्याखालचेच, ते त्यांना केव्हापासून माहीत होते देव जाणे. यांनी शिकवलं तसंच तू केलंस. पाय आधी, मग खाजवल्यासारखा हात. मग तिसऱ्या पायरीवरून वर बघितलंस. लोक आधी हसायचे त्याच्या दुप्पट हसले. मी हसले नाही. मी शेजारी बघितलं. हे स्टेजकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

 घरी आल्यावर म्हटलं, आता ऐका, मला सांगायचं आहे. वकील, काळा कोट, शाळेची मीटिंग, सगळं सांगितलं. तुमचा पाय आहे तो, म्हटलं. रामदासनं चोरला आणि मी लपवला.

ते सदऱ्याची बटणं काढत होते. म्हणाले, "माझो पाय माकाच वळखाक येवचो नाय? पोरा जिन्यात वरडली तेवाच कळला. तू लपयत होतंस, म्हणान मीय लपयलंय."

मी म्हटलं, मग त्याला हाकललं का नाही, वर शिकवायला कसे बसलात. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "गिरणीत माका उभो करनत नाय. थंय तरी तो पाय उभो आसा. लोक हसतत. खोटा काम बघून हसले तर माजा नाव जाता."

रामदास, मी त्या माणसाशी चौदा वर्षं संसार केला आणि त्या क्षणी मला तो परका वाटला. तुमची जातच वेगळी आहे, तुमची दोघांची. त्या विलायती नटाची पुढची गोष्ट मुख्याध्यापकांनी मला नंतर सांगितली होती, ती मी तुला लिहिली नव्हती. पाय कापल्यावर तो घरी बसला नाही. लाकडी पाय लावून स्टेजवर आला आणि त्या पायाभोवतीच नाटकं लिहून लोकांना हसवत राहिला. मला तेव्हा ते निर्लज्जपणाचं वाटलं. आता माझ्याच घरात बघते आहे आणि तरी निर्लज्जपणाचंच वाटतं. तुम्ही दोघांनी मिळून एक पाय विकायला काढलात, मी एकटीच तो पदराखाली झाकत होते, आणि त्या खटाटोपात खोटारडी ठरले ती मी.

शेवटी त्यांनी विचारलं, "तू हसलंस नाय?" मी म्हटलं, नाही. ते भिंतीकडे वळून आडवे झाले. दुखावले ते तिथं. बाकी कशानंच नाही. ऑक्टोबरात मी हसले होते हे सगळ्या कबुलीत तेवढं सांगायचं राहून गेलं, की मीच ठेवलं, कोण जाणे.

इथं येऊ नकोस. पेढे मी दुर्गाच्या पोरांना वाटून टाकले.

कालिंदी

लालबाग,
ता. २८ एप्रिल १९६०

रामदास,

सव्वा वर्षानं लिहिते आहे. तू मधे पाठवलेली पाच पत्रं वाचली, उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आजही वाटत नाही, पण यांचा निरोप आहे आणि तो मला लिहायला सांगितला आहे.

आमच्याकडे सगळीकडे धांदल आहे. रविवारी राज्य होणार, मुंबईसकट. चाळीला पताका लागल्या, दुर्गानं जिन्याला तोरण बांधलं. काल वॉर्डातले लोक यांच्याकडे आले होते. एक तारखेला जखमींचा सत्कार आहे, व्यासपीठावर खुर्ची आहे, शाल आहे. हे म्हणाले, मी मोर्चात नव्हतो, मेव्हण्याला शोधायला गेलो होतो. पहिल्यांदाच चारचौघांत म्हणाले. त्या लोकांना वाटलं आनंदाची थट्टा आहे, ते हसले. मग यांनी हात जोडले आणि सांगितलं की त्या दिवशी दुपारी मला वेळ नाही, नाटकाची तिकिटं काढली आहेत. दीडशेवा प्रयोग आहे म्हणे तुझा. तेव्हा आम्ही येत आहोत.

मी या वर्षात किती वेळा ते नाटक पाहिलं ते तुला बुकिंगच्या खिडकीवर विचारून कळेल. महिन्यातून एकदा नेतात. सकाळपासून गुणगुणतात. स्वयंपाकघरात उलथनं हातात धरून तुझी दुसऱ्या अंकातली वाक्यं म्हणतात, भाजी करपते. पूर्वी लोकांच्या नकला करून मला हसवायचे, ते पुन्हा सुरू झालं आहे. तीन वर्षं या घरात जो माणूस नुसता जेवण रांधत होता तो परत आला आहे, आणि तो तुझ्यामुळे आला, हे मी दात खाऊन लिहिते आहे. तुला क्षमा केली असं यातून समजू नकोस. तुझे ते गुडघ्यावर खिळलेले डोळे मला अजून दिसतात आणि जेवताना दिसले तर मी ताट सारते.

त्यांचा निरोप असा की पाय आता बरोबर पडतो, हातही बरा.

पुढचं माझं आहे, त्यांचं नाही. तिसऱ्या पायरीवर वर बघून तू हल्ली फार थांबतोस. टाळ्या मिळतात म्हणून थांबत असशील. एवढं थांबू नकोस. तू वर बघितलंस की मी हसते. ठरवून हसते, पहिल्या दोन पायऱ्यांपासून तयारी करते, आणि लोक हसत असतात तोवर ते टिकतं. तू जास्त थांबलास की ते मधेच सरतं, आणि हे शेजारी बसून माझ्याच तोंडाकडे बघत असतात.

कालिंदी